वाघाटी की वाघाटं? आणि केपरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एका इटालियन पाककृतीचं मराठी करतेय. त्यात बरणीतले केपर आहेत. शोधलं तर कुठे ‘करीर’ मिळालं, कुठे ‘वाघाटी’. शिवाय आमची आजी ‘वाघाटं’ म्हणायची. नक्की काय लिहू?

– आजी बरोबरच आहे. वेल ती वाघाटी, फळ ते वाघाटं. कारली-कारलं, तोंडली-तोंडलं तसंच. घोळ होतो तो अनेकवचनात, कारण फळाचं अनेकवचनही ‘वाघाटी’च. म्हणून काटा वाघाटीचा, भाजी वाघाट्यांची.

– वाघाटीच्या झुडपाबद्दल थोडं. शास्त्रीय नाव कॅपॅरिस झेलॅनिका. स्वतःच्या बळावर उभं राहण्यापेक्षा शेजारच्या झाडावर चढणं याला जास्त आवडतं. कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव. पानाच्या तळाशी दोन आकडेबाज काटे. सदरा अडकला की मागे ओढून सुटत नाही, पुढे सरकून सोडवावा लागतो. संस्कृतात व्याघ्रनखी म्हणतात ते उगाच नाही. फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला, पानाच्या बगलेच्या वर एकाखाली एक अशी उभ्या ओळीत. पाकळ्या चार, पांढऱ्या. वरच्या दोघींच्या बुडाशी पिवळा डाग, तो पुढे जांभळट होतो. लांब केसरांचा झुबका आधी पांढरा, मग गुलाबी. गंमत बीजकोशाची: तो फुलाच्या तळाशी न बसता स्वतःच्या लांब देठावर बाहेर येतो, म्हणून फळ लोंबतं. ते पिकल्यावर लाल.

– आमच्याकडे आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना हीच भाजी लागते. तेव्हा बाजारात ‘गोविंदफळ’ म्हणून मागा. बिया काढून उकडून घ्यायची, नाहीतर कडू. (उकडूनही थोडी कडू लागतेच, आवडणाऱ्यांना तेच आवडतं.)

– करीर वेगळं. ते कॅपॅरिस डेसिड्युआ, मराठीत नेपती, राजस्थानातल्या केर-सांगरी या भाजीतलं केर. जवळपास बिनपानांचं. ‘करीराला पानं नाहीत, यात वसंताचा काय दोष?’ असं भर्तृहरी विचारतो ते याच झुडपाबद्दल. तुमचं केपर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या कॅपॅरिस स्पायनोझाच्या न उमललेल्या कळ्या, खारवलेल्या. तिघं कॅपॅरिस या एकाच वंशातले, पण आपण खातो फळ, ते खातात मुख्यतः कळी. सरळ ‘केपर’ लिहा आणि पुढे ‘खारवलेल्या कळ्या’ एवढं जोडा.

– ठरलं, केपरच. वाघाटी लिहिलं असतं तर कुणीतरी पास्त्यात अख्खं गोविंदफळ टाकलं असतं.