मदत हवी आहे: आवाज घशातला बसला, मग सीटी स्कॅन छातीचा कशासाठी?

शोधयात्री:
माझ्या आईचा आवाज बसला आहे आणि औषधांनी काहीही फरक पडलेला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासून एक स्वरतंतू हलत नसल्याचे सांगितले आणि लगेच कवटीच्या तळापासून छातीपर्यंतचा सीटी स्कॅन लिहून दिला. तक्रार घशाची असताना छाती कशासाठी तपासायची, आणि हा स्कॅन टाळता येईल का, हे कृपया लवकर सांगावे.

षड्ज:
मी गायन शिकवतो, त्यामुळे बसलेले आवाज पुष्कळ पाहिले आहेत. आईंना पूर्ण मौन पाळू द्या आणि वाफ घेऊ द्या. स्कॅनची घाई नको.

चेतापथ:
षड्ज, हे मला मान्य नाही. मौनाने स्वरतंतूंची सूज उतरते, पण ज्या तंतूपर्यंत चेतेचा संदेशच पोहोचत नाही, तो विश्रांतीने हलू लागत नाही. शोधयात्री, न हलणारा तंतू उजवा की डावा, थायरॉईडची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली होती का आणि पाणी पिताना ठसका लागतो का, हे आपण लिहिलेच नाही.

शोधयात्री:
डावा. शस्त्रक्रिया झालेली नाही. ठसका लागतो, पण त्याचा येथे काय संबंध? माझा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे.

गोलार्ध:
आवाजाची आज्ञा मेंदूतून निघते, म्हणून आधी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा. माझ्या काकांचा आवाज बोलताना मध्येच तुटत असे, हसताना मात्र तो अगदी मोकळा येई. त्यांना स्वरयंत्रात बोटॉक्सचे इंजेक्शन दिल्यावर बराच आराम पडला.

चेतापथ:
गोलार्ध, आपल्या काकांचा आजार वेगळा दिसतो. त्यात स्वरतंतू बोलताना नको इतके आवळले जातात, म्हणून बोटॉक्सने ते सैल करतात; येथे तंतू हलतच नाही. शिवाय स्वरयंत्राला मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडून आज्ञा मिळत असल्यामुळे, इतर कोणतेही लक्षण नसताना एकच तंतू बंद पडला, तर दोष बहुधा खाली चेतेच्या वाटेवर असतो.

शोधयात्री, छातीचे कारण त्या वाटेतच आहे. व्हेगस ही दहावी कपालचेता कवटीतून मानेत उतरते. तिची स्वरयंत्राकडे जाणारी डावी शाखा थेट घशात न जाता छातीत शिरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर येते. उजवी शाखा मानेच्या पायथ्याशीच वळते. म्हणून फुप्फुसातील गाठ, छातीतील सुजलेल्या लसीकाग्रंथी किंवा फुगलेली महाधमनी यांचा दाब डाव्या शाखेवर येऊ शकतो आणि त्याचे पहिले लक्षण बसलेला आवाज असू शकते. अनेकदा स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, पण ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. स्कॅन टाळू नये.

ठसक्याचाही संबंध आहे. गिळताना दोन्ही तंतू मिटून श्वासमार्ग बंद करतात; एक मिटला नाही, तर पाणी श्वासनलिकेकडे जाते. गिळण्याची तपासणी करून घ्या.

षड्ज:
छातीतून जाणारी ही वाट मला ठाऊक नव्हती. माझ्या एका विद्यार्थिनीचे बोलणे थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर व्यवस्थित राहिले, पण तारसप्तक गेले. तेही या शाखेमुळेच का?

चेतापथ:
नाही, तंतू ताणून स्वर चढवणाऱ्या स्नायूला व्हेगसचीच दुसरी शाखा चालवते. ती थायरॉईडच्या वरच्या टोकाजवळून जाते.

शोधयात्री:
स्कॅनची वेळ घेतली आहे. त्यात काही सापडले नाही, तर आवाज परत येईल का?

चेतापथ:
चेता काही महिन्यांत, कधी वर्षभरात, आपोआप सावरू शकते. तोपर्यंत न हलणाऱ्या तंतूत भराव टोचून तो मध्यावर आणता येतो, म्हणजे दुसरा त्याला टेकतो आणि आवाजातून निसटणारी हवा कमी होते. आवाजोपचारही सोबत चालू ठेवता येतात. दरम्यान श्वास घेताना घरघर होऊ लागली किंवा दम लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.