सासूबाईंच्या हातावर मशीन धरलं, २३ टक्के आलं. हे खरं धरायचं का?

निपाणीची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या निपाणीत एका औषधाच्या दुकानात क्रीमवाल्यांनी टेबल मांडलं होतं. पेनाएवढं मशीन, टोकाला दोन चकचकीत टिकल्या. सासूबाईंच्या पंज्याच्या पाठीवर धरलं तर २३ टक्के. माझं ३८, लेकीचं ४६. टेबलावरची पोरगी म्हणाली, "आज्जी, तुमच्या कातडीतलं पाणी अर्ध्यावर आलंय, वयानं होतंच तसं," आणि साडेआठशेची बाटली पुढं सरकवली. सासूबाई कसल्या ऐकतात! "जल्मभर भिजवलेली पानं कातरून विड्या वळल्या मी, मला पाणी कमी सांगतीस?"

बाटली घेतली नाही, पण आकडा डोक्यात बसलाय त्यांच्या. दिवसभर तांब्यावर तांब्या पाणी पितात आणि रात्रभर उठत बसतात. मी तसलंच मशीन ऑनलाइन मागवलं. अंघोळीनंतर एक आकडा, दुपारी दुसरा. भांडी घासून उठल्या तेव्हा तर सासूबाई नातीच्याही पुढं! हे टक्के नेमके कशाचे? आणि वयानं पाणी खरंच घटतं का? नडग्यांना खाज मात्र खरी आहे, रात्री खाजवून पांढऱ्या रेघा उठतात.

टिळकवाडीकर
क्रीमच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी केली, आता बेळगावात निवांत. हेच मोजायचं काम होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

ते टक्के कशाचेच नाहीत. लॅबमध्ये कॉर्निओमीटर असतो, तो विद्युत धारकता, म्हणजे वीजभार साठवायची क्षमता, मोजतो. एखादा पदार्थ ही क्षमता किती पट वाढवतो तो त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या केराटिनचा (कातडीतलं कडक प्रथिन) आणि चरबीचा एक आकडी. त्यामुळं कातडीत पाणी जास्त तर आकडा जास्त. पट्टी ० ते १२०, पण तिला एकक नाही, टक्का तर नाहीच. शिवाय तो वरचे १०-२० मायक्रॉनच बघतो, म्हणजे सगळ्यात वरचा मृत पेशींचा पापुद्रा. तिथं पाणी असतंच थोडं, २०-३० टक्क्यांच्या घरात. १० च्या खाली गेलं की भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. त्याखालच्या जिवंत थरात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तिथवर हे यंत्र पोचतच नाही. त्यामुळं "कातडीतलं पाणी अर्ध्यावर" हे त्या पोरीला तिच्या साहेबानं पाठ करून दिलेलं वाक्य.

तुमच्या पेनाच्या दोन टिकल्यांमधून बहुतेक बारीक विजेचा प्रवाह जातो. त्याला पाणी काय आणि घामातलं मीठ काय, दोन्ही सारखंच. भांड्यांनंतर आकडा चढला त्यात नवल नाही.

घरात धड मोजायचं तर सकाळपासून त्या जागी साबण-तेल-क्रीम काही नको. पंखा बंद करून वीसेक मिनिटं बाही वर करून बसवा. पंज्याची पाठ सोडा, कोपर ते मनगट यातली आतली बाजू घ्या. शेजारशेजारच्या तीन जागा घेऊन सरासरी काढा. एकाच जागी पुन्हापुन्हा टेकवलं तर टोकाखाली ओल साचते आणि आकडा फुगतो.

आता वय. घट होते, पण सगळीकडं सारखी नाही. नडगी आधी सुकते, कपाळ बराच काळ टिकतं, आणि एकाच वयाच्या दोन बायकांतही भरपूर फरक निघतो. गंमत अशी की म्हातारपणी कातडीतून जास्त पाणी उडून जातं असंही नाही. तासाला चौरस मीटरमागं किती ग्रॅम वाफ बाहेर पडते ते वेगळ्या यंत्रानं मोजतात. वयस्कर माणसांत ती बहुधा तेवढीच किंवा कमीच निघते. कमी होते ती धरून ठेवायची ताकद. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन मोडून अमिनो आम्लं तयार होतात. लॅक्टेट, युरिया आणि ती मिळून पाणी पकडून ठेवतात. वयाबरोबर हा साठा आटतो, सिरॅमाइड (पेशींमधली पाणी अडवणारी चरबी) घटतात, बायकांत पाळी गेल्यावर तेलग्रंथीही मंदावतात. उरलंसुरलं कढत पाणी आणि साबण धुऊन नेतात.

जांबोटीचा_पावसाळा
जुलैत खानापूरला या की! आमच्याकडं कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. सासूबाई नातीला मागं टाकतील, भांडी न घासता. बाकी आमच्या आज्जीनं खोबरेल सोडून काही लावलं नाही.

टिळकवाडीकर
@जांबोटी, चेष्टेत बरोबर बोललात. लॅबची खोली २०-२२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवतात ती त्यासाठीच. खोबरेलही चालेल, पण अंग ओलसर असतानाच. आणि मोजायच्या दिवशी नको.

सिस्टरअक्का_चिकोडी
मशीनचं राहू द्या, आधी ते पाणी पिणं आवरा. तांब्यानं प्यायलेलं पाणी त्या वरच्या पापुद्र्यात फारसं पोचत नाही. रात्री अंधारात मोरीकडं जाताना म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला की खुब्याचं हाड जातं, वॉर्डात बघते मी. शरीरात पाणी कमी आहे का ते बघायला हातावर चिमटा काढू नका. कातडीचा ताण वयानं गेलेला असतो, ती घडी तशीच उभी राहते आणि उगाच घाबरायला होतं.

खाज मात्र हसण्यावारी नेऊ नका. शुगर, थायरॉइड, किडनी, लिव्हर, सगळ्यांत खाज येते. रात्री सारखं उठणं पाण्यामुळंच आहे असंही धरून बसू नका, शुगर बघाच. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना सांगा, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्यांनी कोरडं पडतं. अंघोळ कोमट पाण्यानं, साबण काखेत-जांघेतच.

निपाणीची_सून
सांगितलं तसं बसवून मोजलं. सासूबाई ३१, मी ३५, लेक ३६. आकडा बघून सासूबाईंनी पोरीकडं असं बघितलं की विचारू नका. शुगरचं रक्त उद्या देतोय.

अजून एक. विडी वळायच्या अंगठ्याला जुना घट्टा आहे, त्याला चीर गेलीय. दुकानदार युरियाचं क्रीम देतोय, लावू?

सिस्टरअक्का_चिकोडी
चीर उघडी आहे तोवर नको, आग होईल. रात्री व्हॅसलिन थापून वर सुती हातमोजा चढवा. चीर मिटली की घट्ट्यावर युरिया, नडग्यांनाही तेच चालेल. शुगर जास्त निघाली तर अंगठा डॉक्टरांना दाखवा, घट्टा ब्लेडनं कापत बसू नका.