मदत हवी आहे: चाळिशीच्या उंबरठ्यावर शिक्षिका व्हायचंय

नमस्कार मंडळी. मी विक्रोळीला राहते, वय ३९, बी.कॉम. १५ वर्षं अंधेरीत एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते आहे. काम वाईट नाही, पण घरी येताना लोकलमध्ये मन रिकामं असायचं.

गेल्या जूनपासून शनिवार-रविवार गोवंडीत वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते. सहावीतली एक मुलगी भागाकार आला की वहीच मिटायची. मी घरातली वाटाण्याची पिशवी नेली. २३ वाटाणे, ४ वाट्या. तिने एकेक करत वाटले, उरलेले ३ मुठीत धरले आणि म्हणाली, "ताई, ही बाकी!" त्या दिवसापासून मला कळलंय की मला हेच काम करायचंय, आणि फक्त सुट्टीपुरतं नाही.

आता अडचण. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागतं, बी.एड. तिथे चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय. मला सहावी ते आठवीच जास्त जवळची वाटते, म्हणजे बी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). पण बी.कॉम.वाल्यांना बी.एड.ला गणित मेथड (म्हणजे शिकवण्याचा विषय म्हणून गणित) मिळते का? मुंबईत नोकरी सांभाळून दोन वर्षांचं बी.एड. कुणी केलंय का? सरावपाठांच्या दिवसांत रजेचं कसं जमवलंत? घरात सासूबाईंचं औषधपाणी आहे, त्यामुळे पगार एकदम सोडता येणार नाही.

रात्रशाळेत शिकवणारं कुणी असेल तर आवर्जून लिहा. तिथे सुरुवात करता येईल का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.