मदत हवी आहे: लेकरांना बोटीतून समुद्राचा अभ्यास करायचाय, बोटवाला मध्ये थांबायलाच तयार नाही

सेलूची_विज्ञानवाली: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. सहल ठरली, एसटी बुक झाली, सोमवारी मुख्याध्यापकांना कार्यक्रम लिहून द्यायचाय आणि बोटवाला म्हणायलाय की किल्ल्याला नेऊन आणतो, मध्ये थांबणार नाही, जाळीबिळी टाकू देणार नाही. मग लेकरांनी करायचं काय? यांनी पाणी बघितलंय ते दुधना नदीचं नाहीतर बोअरचं. त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी काढावं, मोजावं, वहीत लिहावं एवढंच पाहिजे. नुसत्या लाटा बघून यायचं तर पालकांना एवढा खर्च कशाला लावायचा? बोटवाल्याला काय सांगू?

गोदाकाठ: मॅडम कुठला किल्ला? कितवीची लेकरं, किती, कोणता महिना? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

सेलूची_विज्ञानवाली: मालवण हो, सिंधुदुर्ग किल्ला. नववीची, 40 जण. जानेवारीत.

भूगोलवाला: एवढ्या लांब कशाला, लोणारला न्या. खारंच पाणी आहे, सकाळी निघून संध्याकाळी घरी.

गोदाकाठ: सर लोणारला ना भरती ना ओहोटी, पाणी अल्कधर्मी, पीएच 10 च्या आसपास. शिवाय ते अभयारण्य, तिथं बोट कुठून आणणार? त्यांनी समुद्राचं विचारलंय.

भूगोलवाला: लोणार 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलंय, कमी समजू नका. खर्चाचा विचार कोणीतरी करायला पाहिजे ना.

खारं_वारं: बोटवाल्यावर रागावू नका मॅडम. त्या किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, जाळी टाकली तर तोच गोत्यात येईल. मी नोकरीला लातूरला, गाव तिकडचं, म्हणून सांगतो, किल्ला बघायलाच ठेवा आणि अभ्यासासाठी देवबागची बोट करा. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, खाडीचं पाणी शांत, थांबायचं आधी ठरवलं तर थांबतात. खाडीत आतल्या बाजूला, मधे आणि संगमाजवळ अशा तीन जागी बादलीनं पाणी काढायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजायच्या हातातल्या यंत्रावर, एक एक थेंब टाकून क्षारता बघायची. मोकळ्या समुद्रात लिटरमागं साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आत गेलं की आकडा उतरतो. लेकरांना तो उतार स्वतः मोजून सापडला ना, तर जन्मभर विसरणार नाहीत.

उदगीरकर: बरोबर, पण रिफ्रॅक्टोमीटर शाळेकडं असतो का? उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, आपल्याच भागात, पत्र घेऊन विचारून बघा. पाण्याचा गढूळपणा मोजायची सेकी डिस्क मात्र घरीच होते. पांढऱ्या ताटलीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगवा, खाली वजन, दोरीला खुणा. पाण्यात सोडून दिसेनाशी झाली ती खोली लिहा, वर ओढताना परत दिसली ती लिहा, दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याचा गढूळपणा कळला. फोल्डस्कोप, म्हणजे कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, असेल तर पाण्याचा थेंब किनाऱ्यावर येऊन बघा, हलत्या बोटीत काही दिसत नाही.

परभणीचा_पालक: आधी लाइफ जॅकेटचं बोला. 2016 साली मुरूडला सहलीची मुलं बुडाली. माझी मुलगी असती तर मी पाठवली नसती.

सेलूची_विज्ञानवाली: दादा काळजी पटते. पाण्यात कुणालाच उतरू देणार नाही, जॅकेट अंगात असल्याशिवाय बोटीत पाय नाही.

खारं_वारं: भीतीनं लेकरांना घरी ठेवून कसं चालेल पालकसाहेब? 20-20 चे दोन गट करा. एक बोटीत, दुसरा किनाऱ्यावर ओहोटीत खडकांमधली डबकी बघेल. तारीख तिथी बघून धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानानं निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पण अष्टमी म्हणजे भांगाची, लहान भरती-ओहोटी, पाणी फार मागं जात नाही. पुनवेला उधाण, खडक जास्त उघडे पडतात, पण ओहोटी येते पहाटे नाहीतर संध्याकाळी.

उदगीरकर: आणि डबक्यातलं काही पिशवीत घालून आणू देऊ नका. प्रवाळ, काही शंख, समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत. चित्र काढायचं, फोटो काढायचा, दगड उलटला तर परत होता तसा ठेवायचा.

जालनेकर_ताई: बोट लागते हो लेकरांना, आवळासुपारी सोबत ठेवा, रिकाम्या पोटी बसवू नका.

भूगोलवाला: एसटीला शालेय सहलीची निम्मी सवलत घेतली का? शाळेचं पत्र लागतं.

सेलूची_विज्ञानवाली: सवलत घेतलीय सर. देवबागचं पक्कं करते, किल्ला फक्त बघायला. पुनवेच्या आदल्या दिवशी पोचतो, संध्याकाळच्या ओहोटीला खडक सगळ्यांनी मिळून, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चढताना खाडीत बोट, गट आळीपाळीनं. खारं_वारं दादा, भरतीत संगमाकडचं पाणी आत शिरणार, मग तिन्ही जागा पटापट मोजाव्या लागतील ना? आणि नववीतल्या बारक्या लेकरांच्या मापाची जॅकेटं बोटवाल्यांकडं असतात का इकडूनच न्यावी लागतील?