मागचा हॉर्न आणि पुढची थांबारेषा
सिग्नल लाल असताना मागून हॉर्न वाजू लागला, तर थोडे पुढे सरकून वाट द्यावी, ही सूचना मला पटत नाही. कारण थांबारेषा ओलांडल्याचे ई-चलन हॉर्न वाजवणाऱ्याला नव्हे, तर आपल्या गाडीच्या क्रमांकावर येते. पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी मी एकदा आरशात पाहतो आणि जागचा हलत नाही. मागे रुग्णवाहिका असेल, तर अर्थात गोष्ट वेगळी. विनाकारण हॉर्न वाजवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफमध्ये पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, जी पुण्यात बहुधा कोणाच्या गावीही नसते. चालत्या रहदारीत मात्र कोणी गाडी अंगावर आणू लागला, तर इशारा देऊन डावीकडे व्हावे आणि त्याला खुशाल पुढे जाऊ द्यावे.