सोलापूरच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग: नवख्यानं रॅमपासून सुरू करावं, प्रोसेसर राहू द्यावा

जुळे सोलापूरकर: नवीन पोरं पीसी जोडला की लगेच विचारतात प्रोसेसर किती ताणता येईल, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा किती जास्त पळवता येईल (हेच ओव्हरक्लॉकिंग). माझं म्हणणं आधी रॅम बघा. डीडीआर४ ३२०० (हा रॅमच्या वेगाचा आकडा) म्हणून घेतलेली रॅम टास्क मॅनेजरमध्ये २१३३ नाहीतर २६६६ दाखवते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा मेनू) जा, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी तयार सेटिंग) ऑन करा, सेव्ह करा, बास. प्रोसेसरचं व्होल्टेज चढवणं हे मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत करायचं काम नाही, कूलर कितीही भारी घ्या, तो खोलीतलीच गरम हवा फिरवणार, खोली १० डिग्रीनं तापली की चिपपण जवळपास तेवढीच वर जाते.

सात रस्ता: मालक, नाही पटलं. एक्सएमपी पण ओव्हरक्लॉकच की! रॅमचं व्होल्टेज १.२ वरनं १.३५ होतं, आणि इंटेल, एएमडी दोघंही वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो असं लिहून ठेवतात. माझं काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं. प्रोसेसर अडला तर पीसी बंद तरी पडतो, रॅममधली चूक गपचूप फाईलमध्ये जाऊन बसते आणि कळतं कधी, तर पार्टी अल्बम मागायला आल्यावर. नवख्याला "बास" म्हणून सोडू नका.

जुळे सोलापूरकर: हे मान्य. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावा, एक जरी एरर आली तर ३२०० वरनं ३००० वर या. पण भिऊन २१३३ वर बसायचं कशाला? एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये आतलं फॅब्रिकच (आतले भाग जोडणारी वाट) रॅमच्या वेगाशी बांधलेलं असतं, गेममध्ये फरक दिसतो.

अक्कलकोट रोड: दोघंपण प्रोसेसरला उगाच भ्यायलाय बे. के वाला इंटेल आणि झेड चिपसेटचा बोर्ड (ओव्हरक्लॉक करता येणारी जोडी) घ्यायचा आणि स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ वेगावर, चालवायचा, मग पैसे घातले कशाला? १००-१०० मेगाहर्ट्झनी वाढवा, दर वेळी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा, तापमान ८५ च्या वर गेलं की मागं या. डिस्प्लेच आला नाही तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतं.

सात रस्ता: इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं २०२४ मध्ये काय झालं विसरलात का? हात न लावताच चिप जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि खराब होत होत्या, कंपनीला नवा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचं अपडेट) काढावा लागला, वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. तो बायोसमधनंच येतो, म्हणून आधी बायोस अपडेट करा. आणि आपल्याकडं ऐन लग्नसराईत, ऐन उन्हात रेंडर चालतात, तिथं व्होल्टेज वाढवण्यापेक्षा कमी करणं कामाचं. रायझन ५००० ला कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) निगेटिव्ह १० पासून सुरू करा, चिप थंड राहिली की बूस्ट (चिप स्वतःच वाढवते तो वेग) आपोआप जास्त टिकतो.

जुळे सोलापूरकर: ह्याला शंभर टक्के अनुमोदन. फक्त नवख्यांनो, निगेटिव्ह जास्त झालं तर पीसी लोडवर नीट चालतो आणि रिकामा असताना रीस्टार्ट होतो, म्हणून नुसत्या सिनेबेंचवर विसंबू नका. अक्कलकोट रोड, तुमचे ते ८५ एसी लावून का नुसत्या पंख्यावर, ते सांगा आधी.