खुराडं कसं बांधायचं? (घरच्या ग्रुपवरून)

सोनू: सगळ्यांना रामराम. परसात कोंबड्या पाळायचं बाबांकडून एकदाचं पास करून घेतलं. सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणायच्या, कोंबडा नाही. पावसाच्या आत खुराडं उभं राहायला हवं, म्हणजे हातात जेमतेम महिना. विहिरीमागची, जुन्या गोठ्याची जागा धरलीय. नमुना टाकतोय, बघा आणि सांगा.
(फोटो)

वहिनी ठाणे: अय्या, किती गोड! खिडकीला पडदेसुद्धा 😄

भाऊकाका: आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरापेक्षा हवेशीर दिसतंय.

माई आत्या: हे कुठल्या देशातलं रे सोन्या?

सोनू: नेटवर मिळालं आत्या. अमेरिकेतलं असावं.

माई आत्या: तिथे बर्फ पडतं म्हणून चारी बाजूंनी फळ्या मारतात. आपल्याकडे मे महिन्यात यात कोंबडी कोंडलीस तर सकाळी शिजलेलीच निघेल. वाटण तेवढं घालायचं बाकी.

ताई: आत्या हसवतेय, पण बोलतेय ते खरं. कोंबडीला घाम येत नाही. उकडलं की ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते. कोकणातल्या दमट हवेत त्या धापांचाही फारसा उपयोग होत नाही. त्यात बंद खोलीत रात्रभराची शीट साचली की अमोनिया होतो. सकाळी दार उघडल्यावर तुझेच डोळे चुरचुरले, तर समज की हवा कमी पडतेय. खाली दीड-दोन फूट भिंत आणि वर छपरापर्यंत जाळी, एवढंच कर. पडदे वहिनीकडे पाठव.

सोनू: मग केवढं बांधू? कोणी म्हणतं पक्ष्यामागे दोन चौरस फूट, कोणी म्हणतं चार.

ताई: दिवसभर मोकळ्या सोडणार असशील तर रात्रीपुरते दोनही चालतात. पण जुलैत चार-चार दिवस झड लागते तेव्हा त्या बाहेर पडणारच नाहीत. कोंडलेल्या, कंटाळलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि रक्त दिसलं की मग थांबत नाहीत. चार धर. सहा कोंबड्यांना ६ बाय ४ फूट. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर येईल.

भाऊकाका: आता जमिनीचं बोलू. खांबांवर अधांतरी खुराडं छान दिसतं, पण त्याच्याखाली उंदीर घर करतात आणि उंदरांमागे साप येतात. गोठ्याचं जोतं शाबूत आहे का?

सोनू: आहे काका. चिऱ्याचं आहे, हात-दीड हात उंच. एक कोपरा खचलाय.

भाऊकाका: मग झालं की. तेवढा कोपरा नीट करून घे, वरून कोबा कर आणि दाराकडे किंचित उतार दे. तयार जोतं सोडून शेजारी नवीन बांधलंस तर मी गावाला येणार नाही. छपराला पत्रा नको. उन्हात भट्टी होतो, आणि पावसात त्याच्या ताशापुढे बाबाला झोप लागायची नाही. माळ्यावर जुनी मंगलोरी कौलं आहेत, ती काढ. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूची वळचण तीन फूट बाहेर काढ आणि दार तिकडे अजिबात नको.

माई आत्या: पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचं झाप बांध. पण वर वीतभर फट सोड, नाहीतर ताईचा तो अमोनिया परत येईल.

दादा पुणे: जाळी माझ्याकडून. इथे कोंबडीजाळी स्वस्त मिळते, एक रोल घेऊन येतो.

ताई: षटकोनी भोकांची पातळ जाळी ना? नको आणूस. तिच्यामुळे कोंबडी आत राहते, पण बाहेरचं बाहेर राहील याची खात्री नाही. शिवाय खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते. अर्ध्या इंची चौकोनी भोकांची वेल्डमेश आण, जस्ताचा मुलामा दिलेली.

दादा पुणे: जवळपास तिप्पट पैसे होतील.

माई आत्या: होऊ देत. ऐका. मी सहावीत होते. तेव्हा खुराडं पडवीच्या टोकाला, दगडी. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की तोंडाला फळी लावून तिला दगड टेकायचा, हे काम माझं. एकदा शेजारच्यांकडे सत्यनारायण होता, तिकडे धावले आणि विसरले. रात्री कांडेचोर, म्हणजे उदमांजर, शिरला. सकाळी सात कोंबड्या मेलेल्या, खाल्लेली त्यातली एकच. बाकीच्या नुसत्या मानेला धरून टाकलेल्या. आई ओरडली नाही की मारलं नाही. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही, बस.

बाबा: मला आठवतंय. तू माडाखाली बसून रडत होतीस.

माई आत्या: तू चार वर्षांचा होतास. तुला कसलं आठवतंय!

ताई: कांडेचोर, रानमांजर हे रात्रीचे. मुंगूस येतो दिवसाढवळ्या, म्हणून दिवसा फिरायच्या अंगणालाही जाळी हवी. ती जमिनीवर नुसती टेकवून सोडू नकोस, तो खालून उकरतो. फूटभर पुरायची, किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर चिरे ठेवायचे. उकरणारा जाळीच्या अगदी कडेलाच उकरतो, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. अंगणाच्या वर मासेमारीचं जुनं जाळं ताण, घारीसाठी.

सोनू: हे सगळं लिहून घेतोय. आतमध्ये काय काय?

ताई: बसायला आडवी दांडी. मनगटाएवढी जाड, कडा गोल केलेली. पीव्हीसी पाइप नको, पाय घसरतात. पक्ष्यामागे नऊ-दहा इंच, म्हणजे सहा फुटी एकच दांडी पुरते. दोन लावल्यास तर एका उंचीवर लाव, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. अंड्यांचे खोके दांडीपेक्षा खाली. वर लावलेस तर त्या खोक्यातच झोपतील आणि अंडी शिटेत माखून मिळतील. फूट बाय फुटाचे दोन खोके खूप झाले.

माई आत्या: दोन कर नाहीतर दहा कर, सगळ्या एकाच खोक्यात घालणार. दुसरी आत बसलेली असली तर बाहेर उभं राहून बोंब मारणार.

ताई: 😂 अगदी. कोब्यावर तीन-चार इंच भाताचं तूस पसर. अधूनमधून खालीवर करायचं, ओलं झालेलं काढून टाकायचं. वर्षाअखेरीस माडांना खत.

आई: मी सकाळपासून सगळं वाचतेय. एक विचारू? ते तूस खालीवर करणार कोण?

सोनू: मीच गं.

आई: तू नऊ वाजता लॅपटॉप उघडतोस. तुझा तो फोटो बघितला मी. कमरेएवढं घर, हातभर दार. माझा गुडघा हा असा. मी काय रांगत जाऊ आत? भाऊजी, मला उभं राहून खराटा मारता येईल एवढं उंच करा आणि दार माणसाचं ठेवा. अंडी काढायला तरी आत शिरायला लागू नये.

भाऊकाका: वहिनी, हे मी आधी विचारायला हवं होतं. वळचणीला साडेपाच फूट, मध्ये सात. दार अडीच फूट रुंद. अंड्यांचे खोके बाहेरच्या अंगाला काढू, वर झाकण. झाकण उचललं की अंडं हातात.

आई: झाकणाला कडी.

वहिनी ठाणे: आई जिंकल्या.

दादा पुणे: कोंबडा नाही तर अंडी कशी मिळणार पण?

ताई: दादा, तू सायन्सला होतास ना? कोंबड्याशिवाय अंडी होतात, फक्त पिल्लं होत नाहीत. आणि पहाटे शेजारचे भांडायला येत नाहीत. सोनू, ग्रामप्रिया घे. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेची जात आहे, परसासाठीच काढलेली. गावठी काटक असते, पण वर्षाला पन्नास-साठ अंडी, आणि मध्येच खुडूक होऊन, म्हणजे अंडी द्यायची थांबवून, उबवायला बसते. एक दिवसाची पिल्लं स्वस्त दिसली तरी घेऊ नकोस. बल्बची ऊब देत रात्री जागवायला लागतात. दोन-अडीच महिन्यांच्या, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालेल्या तलंगा आण. लस कुठल्या तारखेला दिली ते लिहून घे.

बाबा: आणि बर्ड फ्लू? २००६ ला नवापूरला झाला तेव्हा घरोघरच्या कोंबड्या नेल्या होत्या.

ताई: काका, शंका बरोबर आहे. पाणी-दाणा उघड्यावर ठेवायचा नाही, म्हणजे रानपाखरं त्यात तोंड घालत नाहीत. आणि एकदम दोन-तीन दगावल्या तर हात लावायचा नाही, पुरायच्या नाहीत, कापायच्या तर मुळीच नाहीत. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन.

बाबा: ठीक. माझी एकच अट, त्यांना नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की ती घरची होते.

वहिनी ठाणे: बाबा, आमच्या पिंकीने सहाही नावं काढून ठेवलीत.

बाबा: (हा मेसेज डिलीट केला आहे)

सोनू: नवीन चित्र टाकतोय. ६ बाय ४, जुनं जोतं, कौलं, दार पूर्वेला, खोके बाहेरून. सुतार सोमवारी येतोय.
(फोटो)

माई आत्या: दाराला दोन कड्या. एक वर, एक खाली. आणि संध्याकाळी दार लावायचं काम एकाच माणसाचं ठेव. "मला वाटलं तू लावलंस" असं झालं की संपलं.

सोनू: माझं काम. शब्द.

माई आत्या: मी रोज सात वाजता विचारणार आहे.

ताई: आणल्यावर पहिले आठ दिवस आतच ठेव. घर कुठलं ते त्यांना एकदा कळलं की संध्याकाळी आपसूक परततात.

(५ जून)

सोनू: आल्या! दोन करड्या, चार तांबूस.
(फोटो)

आई: पिंकीच्या यादीतली तीन नावं आजच लागली. हे स्वतः हाका मारतायत.

(९ जून)

माई आत्या: सात वाजले. दार?

सोनू: लावतोय आत्या. आज चार वाजता जरा सोडल्या होत्या.

ताई: आठ दिवस म्हटलं होतं ना रे!

सोनू: खूप ओरडत होत्या गं. पाच आत गेल्या.

माई आत्या: आणि सहावी?

सोनू: फणसावर. वरच्या फांदीला. पाऊस येतोय.

माई आत्या: बाबाला शिडी धरायला सांग.